एका सर्वरवर अनेक लॉगिन: फाइल परमिशनची भोकं शोधणे आणि बुजवणे

भंवरकुआंतल्या कोचिंगची लॅब, रामबागेतलं सीएचं ऑफिस, एखाद्या छापखान्याचा फाइल सर्वर. इंदूरमध्ये अशा जागी चित्र साधारण सारखंच असतं: कोपऱ्यात एक लिनक्स मशीन, त्यावर बऱ्याच जणांचे लॉगिन, आणि देखभाल एकाच माणसाच्या अंगावर. पुढचं सगळं त्या माणसासाठी आहे.

बाहेरून येणाऱ्याला फायरवॉल अडवतो. इथे चिंता आतल्याची आहे. एखाद्या विद्यार्थ्याचा सोपा पासवर्ड कोणी ओळखला, किंवा वेबसाइटच्या जुन्या प्लगइनमधून कोणी शिरलं, की त्याच्या हाती एक साधं, अधिकार नसलेलं खातं येतं. तिथून रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, होण्याच्या वाटेत दोनच गोष्टी उभ्या असतात: फाइलींवरच्या परमिशन, आणि त्या पाळायला लावणारा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. पहिली गोष्ट आपण बिघडवतो, दुसरी अधूनमधून स्वतः चुकते. कामाचा क्रमही तोच ठेवावा. कर्नलचा पॅच लावला आणि रूटची क्रॉन स्क्रिप्ट (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) ७७७ वर, म्हणजे कोणालाही बदलता येईल अशी, तशीच राहिली, तर पॅचचा काही उपयोग नाही.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर अक्षरं आणि आकडे रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायचे. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणं उबुंटू आणि डेबियनची आहेत, रेड हॅटच्या घराण्यात वेगळं असेल तिथे तेही दिलं आहे.

कर्नल काय तपासतो, आणि कधी

फाइलचा मोड बारा बिटांचा असतो. नऊ बिट मालक, ग्रुप आणि इतर यांच्या वाचण्या-लिहिण्या-चालवण्याच्या हक्कांचे. उरलेले तीन सेटयूआयडी, सेटजीआयडी आणि स्टिकी. चार आकडी मोडमध्ये पहिला आकडा या तिघांचा, अनुक्रमे ४, २ आणि १. म्हणून ४७५५ म्हणजे सेटयूआयडी लावलेला ७५५, आणि /टेम्पचा १७७७ म्हणजे स्टिकी लावलेला ७७७.

तपासणीत सगळ्या ओळी वाचल्या जात नाहीत. तुम्ही फाइलचे मालक असाल तर कर्नल फक्त मालकाचे बिट बघतो. तिथे नकार मिळाला की संपलं, ग्रुपकडे तो वळतच नाही. त्यामुळे ०७७ मोडची फाइल बाकी सगळ्यांना उघडते आणि मालकाला उघडत नाही. रूटला हे नियम लागत नाहीत; नेमकं सांगायचं तर कॅप-डॅक-ओव्हरराइड ही कॅपॅबिलिटी (रूटच्या अधिकाराचा सुटा केलेला एक तुकडा) ज्या प्रोसेसकडे असेल तिला लागत नाहीत, आणि हा फरक पुढे कामाला येतो.

फाइल खोडणं हा फाइलवरचा हक्क नाही, डिरेक्टरीवरचा आहे. रूटच्या मालकीची, ४४४ मोडची फाइल ७७७ डिरेक्टरीत पडलेली असेल तर कोणीही ती खोडून त्याच नावाने आपली फाइल ठेवू शकतो. स्टिकी बिट नेमकं हेच अडवतो, म्हणून सगळ्यांना लिहिता येणारी डिरेक्टरी स्टिकीशिवाय कधीच नको.

आता सर्वांत महत्त्वाचं. परमिशनची तपासणी फाइल उघडताना एकदाच होते. लग्नाच्या हॉलवर पत्रिका दारातच बघतात, पंगतीत कोणी विचारत नाही, तसं. ओपन यशस्वी झालं की प्रोसेसच्या हाती फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलीचा क्रमांक, येतो, आणि त्यावरून वाचताना-लिहिताना मोडचे बिट पुन्हा पाहिले जात नाहीत. तुम्ही आत्ता सीएचमॉड ६०० करून फाइल फक्त मालकापुरती ठेवलीत, तरी ज्याने फाइल आधीच उघडून ठेवली आहे तो वाचत राहतो. एलएसओएफ कमांडला फाइलचं नाव देऊन कोण धरून बसलंय ते बघा आणि ती प्रोसेस बंद करा. कर्नलमधले मोठे दोषही बहुतेक याच जागी घडले आहेत: दारातली तपासणी नीट झाली, आणि आतल्या रस्त्यात कुठेतरी "हा फक्त वाचायला आला होता" ही गोष्ट हरवली.

७७७ काढून टाका

सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारा मुलगा म्हणतो, "सर, फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही." घाईत उत्तर टाइप होतं: सीएचमॉड -आर ७७७, आणि तेही मोठ्या आरने, म्हणजे आतल्या प्रत्येक फाइलीपर्यंत. सेव्ह होऊ लागतं. त्याच क्षणी सगळ्या क्लायंटचे कागद सर्वरवरच्या प्रत्येक खात्याला, वेबसाइटच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा खात्यालासुद्धा, वाचता, बदलता आणि खोडता येतात. हीच कमांड चुकून होम डिरेक्टरीवर चालली तर एसएसएच खाजगी की नाकारतो. /ईटीसीवर चालली तर सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवून देणारा प्रोग्राम) आपली सेटिंगची फाइल सगळ्यांना लिहिता येते म्हणून काम करायला नकार देतो, आणि दुरुस्तीची वाटच बंद होते.

बरोबर पद्धत ग्रुपची. ग्रुपॲड ऑडिट. मग प्रत्येक माणसासाठी यूजरमॉड -एजी ऑडिट आणि त्याचं लॉगिन नाव. यात ए लहान, जी मोठा. ए विसरलात तर तो माणूस आधीच्या सगळ्या जादा ग्रुपमधून बाहेर पडतो, आणि तो तुम्हीच असाल तर सुडोमधूनही. नवा ग्रुप पुढच्या लॉगिनपासून लागू होतो, चालू सेशनमध्ये नाही. "ॲड केलं तरी चालत नाही" अशी तक्रार आली की आधी लॉगआउट करायला सांगा.

डिरेक्टरी तयार करताना:

सीएचओन रूट:ऑडिट /एसआरव्ही/ऑडिट
सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/ऑडिट
सेटएफएसीएल -डी -एम जी:ऑडिट:आरडब्ल्यूएक्स /एसआरव्ही/ऑडिट

२७७० मधला २ म्हणजे सेटजीआयडी. डिरेक्टरीवर त्याचा अर्थ असा की आत तयार होणारी प्रत्येक फाइल ऑडिट ग्रुपची होते. एवढ्यावर भागत नाही, कारण यूमास्क (नव्या फाइलीतून कोणते हक्क वगळायचे ती सेटिंग) ०२२ असेल तर नवी फाइल ६४४ होते आणि ग्रुपला लिहिता येत नाही. तिसरी ओळ डिफॉल्ट एसीएल (नावानिशी दिलेल्या जादा परमिशनची यादी) लावते, त्या डिरेक्टरीत ती यूमास्कच्या वर चालते. शेवटचा एक्स मोठा ठेवा: तो डिरेक्टरीला आणि आधीच चालवता येणाऱ्या फाइलीलाच एक्स देतो, साध्या एक्सेल शीटला नाही.

जुन्या फाइली मात्र तशाच राहतात. त्यांच्यासाठी सीएचजीआरपी -आर ऑडिट आणि सीएचमॉड -आर ओ-आरडब्ल्यूएक्स,जी+आरडब्ल्यूएक्स असं एकदा चालवा. आर मोठा आणि ग्रुपचा एक्सही मोठा. आणखी एक नेहमीची अडचण: कोणी होममधून फाइल एमव्ही करून आणली तर ती जुना ग्रुप आणि जुना मोड घेऊनच येते, कारण ती नवी तयार झालेलीच नसते. सीपीने आणलेली फाइल नवी असते, तिला नियम लागतात. यादीत मोडच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं तर त्या फाइलीवर एसीएल आहे आणि मधले तीन बिट ग्रुपचे नसून मास्क दाखवतात. अशा फाइलीवर सीएचमॉड जी-डब्ल्यू केलं की एसीएलमधल्या सगळ्या नावांचं लिहिणं एकदम बंद होतं. खरी स्थिती गेटएफएसीएलने बघावी.

विंडोजवरून सांबाने (लिनक्सवरच्या फाइली विंडोजला देणारा प्रोग्राम) जोडणाऱ्यांसाठी शेअरच्या व्याख्येत व्हॅलिड यूजर्समध्ये ग्रुपचं नाव, फोर्स ग्रुप ऑडिट, क्रिएट मास्क ०६६० आणि डिरेक्टरी मास्क २७७० पुरे होतं.

उरलेली भोकं शोधायला दोन फेऱ्या:

फाइंड / -एक्सडेव्ह -टाइप एफ -पर्म -०००२ -एलएस
फाइंड / -एक्सडेव्ह -टाइप डी -पर्म -०००२ ! -पर्म -१००० -एलएस

पहिली सगळ्यांना लिहिता येणाऱ्या फाइली दाखवते, दुसरी स्टिकी नसलेल्या तशाच डिरेक्टऱ्या. -एक्सडेव्हमुळे शोध त्या एका पार्टिशनपुरता राहतो, /प्रॉकमध्ये भटकत नाही; पण /होम किंवा /व्हार वेगळ्या पार्टिशनवर असतील तर तेही सुटतात. फाइंडएमएनटीने यादी काढा आणि प्रत्येक खऱ्या पार्टिशनवर वेगळी फेरी मारा. यानंतर -नोयूजर -ओ -नोग्रुपची एक फेरी असावी. सोडून गेलेल्या माणसाचं खातं खोडलं तरी त्याच्या फाइली नुसत्या क्रमांकाच्या नावावर राहतात, आणि तोच क्रमांक पुढे नव्या माणसाला मिळाला की त्या फाइली त्याच्या होतात.

सेटयूआयडी: प्रत्येक फाइलीला कारण हवं

सेटयूआयडी लावलेला रूटचा प्रोग्राम कोणीही चालवला तरी रूटच्या अधिकाराने चालतो. पासवर्ड बदलणाऱ्या कमांडला ते लागतंच, कारण /ईटीसी/शॅडोमध्ये लिहायचं असतं. पण असा प्रत्येक प्रोग्राम म्हणजे साध्या खात्यातून रूटकडे जाणारा एक दरवाजा. पीकेएक्सेक हा दुसऱ्याच्या अधिकाराने कमांड चालवून देणारा प्रोग्राम; त्यातला सीव्हीई-२०२१-४०३४ हा दोष (सीव्हीई म्हणजे जाहीर दोषाला मिळणारा क्रमांक) २००९ पासून प्रत्येक मोठ्या लिनक्स वितरणात होता आणि जानेवारी २०२२ मध्ये उघड झाला. पॅच येईपर्यंतचा तात्पुरता उपाय एवढाच होता की त्या फाइलीचा सेटयूआयडी बिट काढा.

यादी अशी काढा आणि जपून ठेवा:

फाइंड / -एक्सडेव्ह -टाइप एफ -पर्म /६००० -एलएस

इथे तिरकी रेघ हवी. -पर्म -६००० लिहिलंत तर दोन्ही बिट एकत्र असलेल्याच फाइली दिसतील, म्हणजे जवळपास काहीच नाही, आणि सगळं ठीक आहे असा गैरसमज होईल.

सुडो, एसयू, पासडब्ल्यूडी आणि शॅडो ग्रुपचा यूनिक्स-सीएचकेपीडब्ल्यूडी यांना हात लावू नका. सीएचएफएन, सीएचएसएच आणि न्यूजीआरपी यांचा बिट मॉनिटर नसलेल्या सर्वरवर सहसा बिनधास्त काढता येतो. माउंट आणि अनमाउंटला तो तेव्हाच लागतो, जेव्हा साध्या यूजरने पेनड्राइव्ह जोडायचा असतो. /होम, /टेम्प किंवा /ऑप्टमध्ये सेटयूआयडी फाइल सापडली तर आधी संशय घ्या, मग स्पष्टीकरण शोधा.

नुसतं सीएचमॉड केलंत तर पॅकेजच्या पुढच्या अपडेटमध्ये बिट परत येतो. डेबियन-उबुंटूवर डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड --अपडेट --ॲड रूट रूट ०७५५ आणि फाइलचा पत्ता असं द्या, म्हणजे अपडेटनंतरही तोच मोड राहील. उलट दिशेने, बिट परत लावायचे असतील तर आधी सीएचओन आणि मग सीएचमॉड. मालक बदलला की कर्नल सेटयूआयडी बिट आपोआप उतरवतो, त्यामुळे उलटा क्रम केला की केलेलं काम पुसलं जातं. रेड हॅटच्या घराण्यात आरपीएम --सेटयूजीआयडीएस आधी आणि --सेटपर्म्स नंतर, तेही याच कारणाने.

शेल स्क्रिप्टला ४७५५ देऊन ती रूटने चालेल अशी आशा धरू नये. लिनक्स कर्नल स्क्रिप्टवरचा सेटयूआयडी बिट मानत नाही. कर्नलने स्क्रिप्ट तपासणं आणि शेलने ती पुन्हा उघडणं यांच्या मधल्या क्षणी फाइल बदलता येते, म्हणून हा रस्ता बंद ठेवला आहे. एका ठराविक कामासाठी सुडोमध्ये त्या एका कमांडची नोंद करा.

फाइंडला एक गोष्ट दिसत नाही: फाइल कॅपॅबिलिटी. त्यासाठी गेटकॅप -आर /. पिंगसमोर कॅप-नेट-रॉ दिसलं तर काळजी नाही. पायथन, पर्ल, टार किंवा एखाद्या एडिटरसमोर कॅप-सेटयूआयडी, कॅप-डॅक-ओव्हरराइड, कॅप-डॅक-रीड-सर्च किंवा कॅप-सिस-ॲडमिन दिसलं, तर ती फाइल सेटयूआयडी रूटइतकीच धोक्याची आहे. सेटकॅप -आर त्या फाइलीवर चालवून काढा.

ग्रुपही बघा. डॉकर ग्रुपमधला माणूस व्यवहारात रूटच असतो, एलएक्सडी ग्रुपचंही तसंच. डिस्क ग्रुपला कच्चं पार्टिशन वाचता येतं, तिथे फाइलींच्या परमिशनचा प्रश्नच उरत नाही. "त्याला डॉकर लागतो" म्हणून विद्यार्थ्याला त्या ग्रुपमध्ये टाकणं म्हणजे त्याला रूटचा पासवर्ड देणं.

रूटच्या नावाने चालणाऱ्या स्क्रिप्ट

लहान ऑफिसांतली खरी घुसखोरी बऱ्याचदा इथून होते आणि त्याला कर्नलचा दोष लागतच नाही. रात्री रूटच्या क्रॉनमधून बॅकअप स्क्रिप्ट चालते, ती स्क्रिप्ट कोणाच्या तरी होममध्ये असते. तो माणूस, किंवा त्याचं खातं हाती लागलेला दुसरा, तिच्यात एक ओळ घालतो. पहाटेपर्यंत मशीन त्याचं.

रूटचा क्रॉनटॅब, /ईटीसी/क्रॉन-डॉट-डी आणि सिस्टमडीच्या सर्विस फाइली यांत ज्या ज्या स्क्रिप्टचा उल्लेख आहे, त्या प्रत्येकीवर नेमआय -एल आणि पूर्ण पत्ता असं चालवा. ही कमांड रूट डिरेक्टरीपासून शेवटपर्यंत वाटेतल्या प्रत्येक पायरीचा मोड, मालक आणि ग्रुप एकाखाली एक दाखवते. एकही पायरी रूटशिवाय दुसऱ्याला लिहिता येत असेल, तर स्क्रिप्ट स्वतः ७०० असूनही असुरक्षित आहे, कारण वरची डिरेक्टरी लिहिता आली की आतली अख्खी डिरेक्टरी नाव बदलून बाजूला करता येते. अशा स्क्रिप्ट /यूएसआर/लोकल/एसबिनमध्ये, मालक रूट, मोड ७५० अशा ठेवा.

यूजरच्या डिरेक्टरीत रूटने सीएचओन -आर (आर मोठा) चालवण्याची सवय मोडा. हार्डलिंकमुळे एकाच फाइलला दोन पत्ते असू शकतात. एखाद्याने रूटची फाइल आपल्या डिरेक्टरीत हार्डलिंकने आणली आणि तुम्ही ती डिरेक्टरी त्याच्या नावावर केली, की मूळ फाइलच त्याच्या नावावर होते. आजचे कर्नल हे अडवतात, पण फक्त पुढची सेटिंग चालू असेल तर.

कर्नलच्या चार सेटिंग

सिस-सीटीएल, म्हणजे कर्नलच्या सेटिंग वाचण्या-बदलण्याची सोय, यात एफएस-डॉट-प्रोटेक्टेड या नावाने सुरू होणाऱ्या चार सेटिंग आहेत: सिमलिंक्स (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या फाइली), हार्डलिंक्स, फिफोज (नाव असलेले पाइप) आणि रेग्युलर (साध्या फाइली). पहिल्या दोन लिनक्स ३.६ पासून, पुढच्या दोन ४.१९ पासून. पहिल्या दोघींची किंमत १ आणि बाकीच्या दोघींची २ ठेवा. त्यासाठी /ईटीसी/सिस-सीटीएल-डॉट-डी मध्ये एक फाइल करा आणि सिस-सीटीएल --सिस्टम चालवा. या डिरेक्टऱ्यांतल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि शेवटची जिंकते. ६० ने सुरू होणाऱ्या फाइलीत लिहिलेलं ९९ वाल्या फाइलीने पुसलं जातं, आणि कोणतीही सूचना येत नाही. म्हणून लावल्यावर सिस-सीटीएलने चालू किंमत वाचून खात्री करा.

रेग्युलर २ वर ठेवल्यावर एक गोष्ट चकवते. /टेम्पमध्ये दुसऱ्या यूजरची फाइल आहे, रूटची स्क्रिप्ट त्याच नावाने तिथे लिहायला जाते आणि रूट असूनही परवानगी नाकारली जाते. हे बिघाड नाही, संरक्षण आहे. स्क्रिप्टमध्ये ठरलेल्या नावाऐवजी एमकेटेम्प (दर वेळी नवं नाव काढून देणारी कमांड) वापरा, सेटिंग बंद करू नका.

या संरक्षणाला मर्यादाही आहे. सिमलिंकचा नियम स्टिकी आणि सगळ्यांना लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीतच लागतो. वेबसाइटच्या अपलोड डिरेक्टरीत किंवा कोणाच्या होममध्ये रूटची स्क्रिप्ट फिरत असेल तर तिथे कर्नल मदतीला येत नाही.

माउंटचे पर्याय ही स्वस्तातली तटबंदी. एफएसटॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कसं जोडायचं ते सांगणारी फाइल) /होम, /टेम्प आणि /डेव्ह/एसएचएमला नोएसयूआयडी,नोडेव्ह द्या. नोएसयूआयडीने त्या पार्टिशनवरचे सेटयूआयडी बिट आणि फाइल कॅपॅबिलिटी, दोन्ही निकामी होतात. तिथली फाइल चालवू न देणाऱ्या नोएक्सेकवर फार भरवसा ठेवू नये. शेलला किंवा पायथनला फाइल वाचायला देऊन तो टाळता येतो, आणि /टेम्पवर लावला तर काही पॅकेजांचं इन्स्टॉलेशन अडतं.

कर्नल स्वतः चुकतो तेव्हा

इथपर्यंतचं सगळं नीट असलं तरी कर्नलमधला दोष ते ओलांडून जातो. तीन उदाहरणं समजून घेतली की पुढच्या बातम्या वाचताना आपल्याला काय लागू होतं ते कळतं.

डर्टी काऊ, सीव्हीई-२०१६-५१९५. फक्त वाचायची परवानगी असलेली फाइल प्रोसेस खाजगी मॅपिंग करून मेमरीत घेते. लिहायला गेली तर कर्नलने आधी वेगळी प्रत करून द्यायची आणि लिखाण त्या प्रतीत जायचं, असा करार. प्रत तयार होणं आणि लिखाण होणं यांच्या मधल्या क्षणी प्रत टाकून द्यायला सांगितलं, तर लिखाण मूळ पानावर जात होतं. हा दोष २.६.२२ पासून, म्हणजे २००७ पासून होता आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाला.

डर्टी पाइप, सीव्हीई-२०२२-०८४७, मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. त्यात क्षण साधावाही लागत नव्हता. फाइलमधली माहिती स्प्लाइस या कॉलने पाइपमध्ये (एका प्रोसेसकडून दुसरीकडे माहिती नेणारी नळी) घेतली की कर्नल प्रत करत नाही, पेज कॅशमधल्या (फाइलीची मेमरीत ठेवलेली पानं) त्याच पानाकडे बोट दाखवतो. पाइपच्या त्या नोंदीतला एक फ्लॅग कोरा करायचा राहून गेला होता. जुना फ्लॅग उरला असेल तर पाइपमध्ये पुढे लिहिलेलं थेट त्या पानात मिसळत होतं. लिनक्स ५.८ पासून हा दोष होता, ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये दुरुस्ती आली.

देखभाल करणाऱ्याने डर्टी पाइपमधून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, चॅटर +आयने गोठवलेली फाइल किंवा फक्त-वाचा माउंटसुद्धा सुरक्षित राहत नव्हतं, कारण बदल फाइल सिस्टमला विचारून होतच नव्हता. दोन, ऑडिटडीने (घडामोडींची नोंद ठेवणारी सर्विस) फाइलवर लिखाणाची पाळत ठेवली तरी नोंद होत नव्हती. ती पाळत फाइल लिहायला उघडली का ते बघते, आणि इथे फाइल वाचायलाच उघडलेली असते. तीन, बदललेलं पान डिस्कवर लिहायचं आहे अशी खूण होत नव्हती, त्यामुळे रीबूटनंतर मूळ फाइल स्वच्छ दिसू शकते. म्हणून शंका असेल तर रीबूट करण्याआधी डेबसम्स -सी चालवा, रेड हॅटवर आरपीएम -व्हीए, यात व्ही मोठा. दोन्ही फाइली पेज कॅशमधूनच वाचतात, त्यामुळे चालू स्थितीतला बदल सापडतो. डेबसम्स फक्त मजकूर तपासतो, मोड आणि मालक नाही. आरपीएम तेही दाखवतो.

तिसरं ओव्हरलेएफएसचं कुटुंब; ही एका डिरेक्टरीवर दुसरीचा थर चढवून दोन्ही एकत्र दाखवणारी फाइल सिस्टम. सीव्हीई-२०२३-०३८६ मध्ये नोएसयूआयडी माउंटवरची सेटयूआयडी फाइल वरच्या थरात कॉपी होताना बिटासकट पुढे जात होती. सीव्हीई-२०२१-३४९३, तसंच २०२३ मधले २६४० आणि ३२६२९ हे उबुंटूच्या कर्नलमधले. या सगळ्यांत साध्या यूजरला ओव्हरले माउंट करायची सोय लागते, आणि ती यूजर नेमस्पेसमधून, म्हणजे यूजरांच्या वेगळ्या कप्प्यातून, मिळते. नेमस्पेसच्या आत साधा यूजर रूट असतो, बाहेरच्या फाइलींवर त्याचा हक्क वाढत नाही. पण एरवी त्याला बंद असलेला कर्नलचा बराच भाग त्याला खुला होतो.

तुमच्या मशीनवर ही सोय उघडी आहे का, ते साध्या खात्यातून अनशेअर --यूजर --मॅप-रूट-यूजर हूॲमआय चालवून कळतं. उत्तर रूट आलं तर उघडी आहे. बंद करायला यूजर-डॉट-मॅक्स-यूजर-नेमस्पेसेस शून्य करा. नंतर तीच कमांड "डिव्हाइसवर जागा नाही" अशी चूक दाखवेल. डिस्क भरलेली नसते, नेमस्पेसची मर्यादा संपलेली असते. यामुळे रूटशिवाय चालणारा पॉडमन, फ्लॅटपॅक आणि क्रोमचा सँडबॉक्स अडतात. म्हणून फाइल सर्वर, डेटाबेस आणि वेब सर्वरवर हे नक्की करा. ज्या लॅबमध्ये मुलं त्याच मशीनवर ब्राउझर उघडतात तिथे करू नका. उबुंटू २४.०४ मध्ये ॲपआर्मरकडून यावर मर्यादा आधीच आहे, ती काढू नये.

पॅच आणि रीबूट

कर्नलचा पॅच इन्स्टॉल झाला म्हणजे लागू झाला असं नाही. यूनेम -आर चालू असलेला कर्नल सांगतो, डीपीकेजी -एल डिस्कवर असलेले सांगतो. दोन्ही जुळत नसतील तर मशीन अजून जुन्याच कर्नलवर आहे. उबुंटूवर /व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड ही फाइल दिसली की रीबूट बाकी आहे, रेड हॅटवर नीड्स-रीस्टार्टिंग -आर विचारा.

नुसत्या क्रमांकावरून सुरक्षित-असुरक्षित ठरवू नका. वितरणं जुन्या क्रमांकाच्या कर्नलमध्येच दुरुस्ती मागे नेऊन लावतात. उबुंटूवर प्रो फिक्स आणि सीव्हीई क्रमांक, रेड हॅटवर आरपीएम -क्यू --चेंजलॉग कर्नल-कोअर मध्ये तो क्रमांक शोधा. आणि वितरणाची मुदतच संपली असेल तर ही मेहनत वाया आहे. सेंटओएस ७ ची ३० जून २०२४ ला संपली, उबुंटू २०.०४ ची नेहमीची मुदत मे २०२५ मध्ये. अशा मशीनवर अनेकांचे लॉगिन ठेवणं थांबवा, आधी स्थलांतर करा.

रीबूटपूर्वी डीएफ -एच /बूट बघा. जुन्या कर्नलांनी /बूट भरलं असेल तर नव्याची इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लागणारी फाइल) अर्धवट राहते आणि मशीन वर येत नाही किंवा जुनाच कर्नल उचलतं. एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज जागा मोकळी करतं. नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर बाहेरून बसवलेला असेल तर डीकेएमएस (बाहेरचे ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी पुन्हा बनवणारी सोय) स्टेटस नव्या कर्नलसमोर इन्स्टॉल्ड दाखवतंय याची खात्री करा, नाहीतर मशीन चालू होईल पण नेटवर्कवर दिसणार नाही. म्हणून रीबूट घरून करू नये, कीबोर्ड-मॉनिटर हाताशी असावा.

दर महिन्याला एक ठरलेली वेळ असावी आणि ती सगळ्यांना आधी माहीत असावी. रविवारची दुपार ऑफिसांना चालते. कोचिंगला नाही, तिथे रविवारीच टेस्ट असतात. रंगपंचमीला गेर निघते तेव्हा राजवाड्याच्या आसपासची ऑफिसं बंदच असतात, वर्षातलं मोठं काम, म्हणजे वितरण बदलणं, त्या दिवशी धरता येतं. गंभीर दोष जाहीर झाला आणि लॉगिन अनेकांचे असतील तर मात्र महिन्याची वाट बघू नका, त्याच रात्री करा.

मशीन वर आलं की यूनेम -आर, चारही प्रोटेक्टेड सेटिंगच्या किमती आणि फाइंडएमएनटीमधले नोएसयूआयडी पर्याय तपासा. मग सेटयूआयडी आणि गेटकॅपची यादी पुन्हा काढून जपलेल्या यादीशी डिफने ताडून बघा. जपलेली यादी त्या सर्वरवर ठेवू नका, दुसऱ्या मशीनवर ठेवा. नवी ओळ दिसली तर ती फाइल कोणत्या पॅकेजची आहे ते डीपीकेजी -एस किंवा आरपीएम -क्यूएफने विचारा. पहिल्यात एस मोठा. कोणत्याच पॅकेजची नसेल आणि तुम्ही स्वतः ठेवलेली नसेल, तर नेटवर्कची वायर काढा, डिस्कची प्रत घ्या, आणि त्या प्रतीवरच पुढचा तपास करा.